परसातला धनी

वैशाखात कडब्याची गाडी नाल्यात उलथली आणि इंद्रभानचा उजवा पाय मांडीत मोडला. गाडी त्यानंच भरली होती. बैल बुजरे नव्हते, वाटही रोजची. उतारावर चाकाखालचा दगड निसटला, ओझं एका अंगाला कललं, आणि बैलांच्या माना आवळू नयेत म्हणून जुवाच्या खुंट्या, शिवळा, काढायला तो खाली उडी टाकून धावला. तेवढ्यात सगळा कडबा वरून आला. आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावली. त्यांनी पेंढ्या उपसून त्याला बाहेर ओढलं तेव्हा तो शुद्धीवर होता, आणि पहिलं त्यानं विचारलं ते बैलांचं.

"चिखलीले दवाखान्यात नेऊ," त्याची बायको सत्यभामाबाई म्हणाली.

"काही नाई न्या लागत. हाड हाडाले भेटते."

शेजारच्या गावचा हाड बसवणारा आला. मैदालकडीचा लेप लागला, बांबूच्या कामट्या बांधल्या गेल्या. हाड भेटलं, पण आखूड भेटलं. इंद्रभाननं बायकोचं ऐकलं असतं तर पाय सरळ झाला असता की नसता, कोण जाणे. पण आजवर त्यानं कोणाचं ऐकलं नव्हतं. बी कोणतं, वखरणी कधी, पोराला मुलगी कुठली, सगळं त्याचं ठरे, मग तो घरात सांगे. विचारायची रीतच नव्हती.

सगळा पावसाळा त्यानं आढ्याकडं बघत काढला. सकाळी दाराबाहेरून कोळपणीचे डवरे निघाल्याचा आवाज येई, संध्याकाळी परतल्याचा. सत्यभामाबाई त्याला काखेत धरून उठवी, भांडं लावी, पुसून काढी, पाठीला तेल चोळी. ती बुटकी, काटक बाई; त्याच्या अंगाखाली पार दबून जाई, पण हूं की चूं करत नसे. पोळ्याला त्याला ओट्यावर आणून बसवलं. त्या वर्षी बैल तोरणाखाली घेऊन गेला तो माणिक, त्याचा पोरगा. इंद्रभान बैलांच्या शिंगांचा लाल हिंगूळ दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

दसऱ्याच्या सुमारास तो काठीच्या आधारानं चालायला लागला आणि ज्वारीच्या पेरणीला म्हणाला, "तिफन मी धरतो."

 माणिकनं बैल जुंपले आणि तिफणीची मूठ, रुमणं, बापाच्या हाती दिलं. सून रुख्मिणी बी सोडायला चाडं धरून उभी राहिली. पेरणीची पहिली ओळ, पहिलं तास, इंद्रभाननं कसंबसं पुरं केलं. दुसऱ्या तासाला उजवा पाय काळ्या भुसभुशीत जमिनीत रुतला, वर निघेना. तिफण आडवी झाली, आणि तो तोंडावर पडला. बैल आपसूक थांबले. तोंडात माती गेली होती. ती थुंकत तो उठायला बघत होता तेव्हा शेजारच्या बांधावरून, धुऱ्यावरून, शालिग्राम ओरडला, "काऊन बे इंद्रभान, पेरनी करून राह्यला का दंडवत घालून राह्यला?"

शालिग्राम त्याच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. माणिकनं बापाला पोतं उचलावं तसं काखेतून उचललं, बाभळीखाली नेऊन बसवलं आणि ती दोन तासं पुन्हा मोडून पेरली. बाभळीखाली बसून इंद्रभाननं ते बघितलं. वाकडं पेरलेलं मोडण्यात पोराचं काही चुकलं नव्हतं. त्यानं स्वतः तेच केलं असतं.

रात्री जेवताना माणिक ताटाकडं बघत म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुमी घरीच राहा. आई येते चाडं धराले. पुढं कापसाची वेचनी हाये, बाया भेटत नाई. दोघी शेतात लागतील."

इंद्रभाननं भाकरीचा तुकडा मोडला. "हं," म्हणाला.

सत्यभामाबाई शेतात जायला लागली आणि परस रिकामं पडलं. घराच्या मागल्या भिंतीपासून काट्याच्या कुंपणापर्यंतचा तो एक पट्टा होता. मध्ये आड, आडावर रहाट, एक शेवगा, आणि बाकी वाफे: वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात मुळे. हे सगळं बायकोच्या हातचं. इंद्रभान तिथं तोंड धुवायला जाई, एवढाच त्याचा परसाशी संबंध. जेवताना मुळा करकरीत लागला तर तो काही बोलत नसे. जाळी पडलेला निघाला की ताटाच्या कडेला टाकून म्हणे, "हे काय भेंड वाढलं?"

शेतात निघताना सत्यभामाबाईनं फडक्यात बांधलेलं बी त्याच्यासमोर ठेवलं. "मुळे टाकाची वेळ चालली. मले आता होत नाई. जमलं तर टाकून ठेवजा."

ती गेल्यावर बराच वेळ ती पुरचुंडी तिथंच पडून होती. खुरपं घेऊन परसात बसणं हे बाईचं काम, आणि कुंपणाला लागून तर जाण्यायेण्याची वाट. पण घरात बसून भिंतीचे पोपडे मोजण्यापेक्षा ते बरं, असं वाटून दुपारी वाट सुनसान झाल्यावर तो मागं गेला. त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. पोतं अंथरून, वाईट पाय पुढं लांब करून तो बसला. खुरप्यानं माती वरवर उकरली. गोठ्यातलं ताजं शेण कालवलं, मुठीनं बी फेकलं, वर दोन बादल्या पाणी ओतलं, आणि कोणी बघितलं नाही ना याची खात्री करून घरात आला.

मुळे उगवले ते केसांसारखे दाट. कपाशीत दाटी झाली की विरळावं लागतं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण विरळणी बायांकडं असे, आणि मुळा म्हणजे काही पीक नव्हे. दिवाळीनंतर पाला गुडघ्याला लागला. मग एक दिवस रुख्मिणीनं कोशिंबिरीसाठी मूठभर उपटले.

इंद्रभान आडाच्या आडोशाला पाणी ओढत होता. रुख्मिणीला तो दिसला नाही. कुंपणापलीकडं शेजारची जनकाबाई उभी होती. रुख्मिणीच्या हातातला मुळा बोटाएवढा, केसाळ, आणि खाली दोन फाटे फुटलेला. एक फाटा लांब, एक आखूड.

"पाह्य व काकू," ती तो मुळा दोन बोटांवर चालवत म्हणाली, "हा पन लंगडाच!"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात रहाट कुरकुरला. रुख्मिणीनं वळून बघितलं, आणि तिच्या हातातले मुळे खाली पडले. ते तसेच टाकून ती आत पळाली. जनकाबाई तर कुंपणाजवळ होती की नव्हती असं झालं.

रात्री ताटात त्याच मुळ्यांची कोशिंबीर होती. जिभेला झोंबणारी, कडवट. माणिकनं एक घास घेऊन बाजूला सारली. इंद्रभाननं सगळी खाल्ली. रुख्मिणी चुलीच्या आडोशातून बाहेर येईना.

सत्यभामाबाईला काही कळलं होतं की नाही, तिच्या तोंडावरून दिसत नव्हतं. भाकर थापता थापता ती तव्याला सांगावं तशी म्हणाली, "मुळ्याले ताजं शेन चालत नाई. जुनं लागते. अन् खालची माती कडक राह्यली का तो बिचारा कुठं जाईल? फाटे फोडते."

इंद्रभाननं ऐकू न आल्यासारखं केलं. पण सकाळी घर रिकामं झाल्यावर तो सब्बल, लोखंडी पहार, घेऊन परसात गेला.

उभं राहून सब्बल मारली की तोल जाई. बसून मारली की जोर लागत नसे. शेवटी डावा गुडघा टेकून, उजवा पाय बाजूला फेकून त्याला जागा सापडली. पाय गेला होता, खांदे शाबूत होते. वर्षानुवर्षं जिथं वीतभर खालीच माती हलली होती, तिथं तो हातभर खाली उतरला. कौलांचे तुकडे निघाले, विटा निघाल्या, कुंपणापलीकडच्या लिंबाची बोटभर जाड मुळं निघाली, ती त्यानं कोयत्यानं तोडली. माती फोडून चाळणीनं चाळली. दुपारपर्यंत मांडीतलं हाड ठणकायला लागे, घाम कानामागून गळ्यात उतरे. मग तो भिंतीला टेकून पाणी पिई आणि पुन्हा गुडघा टेकी. उकिरड्याच्या तळाचं काळं, वास मेलेलं खत त्याला हवं होतं. टोपलं डोक्यावर घेऊन चालता येत नव्हतं. त्यानं टोपल्याला दोर बांधला आणि काठी टेकत ओढत आणलं. वाटेवरून कोणी गेलं तर जाऊ दे. पहिल्या दोन दिवसांनंतर त्याचं तिकडं लक्षही राहिलं नाही.

मग चुलीतली राख मिसळून त्यानं वरंबे ओढले. दोरी न लावता, पण तिफणीच्या तासासारखे सरळ. वरंब्याच्या माथ्यावर बोटानं खळगे करून दोन-दोन दाणे टाकले. उगवून आले तेव्हा जोडीतलं मरतुकडं होतं ते उपटलं. त्याचा पाला रुख्मिणीनं बिनबोलता भाजीला नेला. पाणी एकदम लोटायचं नाही, रोज थोडं थोडं द्यायचं, हे त्याला मातीच्या भेगा बघून कळलं. पानांवर मावा दिसला तेव्हा पहाटे दव असताना त्यानं राख उधळली. बायकोनं सांगितलेल्या दोन गोष्टी सोडल्या तर बाकी त्यानं कोणाला विचारलं नाही, आणि त्याचं त्याला बरं वाटत होतं.

दिवस थंडीचे आले. सत्यभामाबाई आणि रुख्मिणी उजाडता शेतात जात, अंधार पडता परत येत. कापसाच्या बोंडांनी सत्यभामाबाईची बोटं नखांच्या मुळाशी फाटली होती. ती चुलीपाशी बसून त्यात गोडं तेल भरी. इंद्रभान ओट्यावरून सांगे, "आज पानं वीतभर झाली." ती म्हणे, "हाव?" कधी दिवा घेऊन मागं जाऊन बघून येई आणि म्हणे, "चांगले आले." त्याला तेवढं पुरत नसे.

मुळे मातीतून खांदे काढायला लागले तसा इंद्रभान परसाचा मालक झाला. रुख्मिणीला त्यानं आडाजवळ भांडी घासायची बंदी केली, राखेचं खरकटं पाणी वाफ्यात जातं म्हणून. "मामाजी, चार पानं घेऊ का?" असं ती विचारी, आणि तो म्हणे, "आज नाई." जनकाबाईची कोंबडी आत आली तर तो ढेकूळ मारी. कुंपणाला एका कोपऱ्यात बाईमाणूस वाकून येईल एवढी फट होती. त्या फटीतून शेजारपाजारच्या बाया कधी मिरच्या, कधी सांबाराच्या चार काड्या न्यायला येत. नेमकी त्या फटीतून एकदा कोणाची शेळी शिरली आणि वाफ्याच्या टोकाची पानं खाऊन गेली. इंद्रभाननं त्याच दिवशी बोरीच्या काट्या तोडून फट गच्च बुजवली.

संध्याकाळी सत्यभामाबाईनं ते बघितलं. काट्यांजवळ थोडा वेळ उभी राहिली.

"बाया कुठून येतील?" तिनं विचारलं.

"कायले येतील? पुढून येतील. काम असलं तर."

पुढच्या दारी पुरुषमाणसं बसलेली असत. पुढून कोणीच येईना.

वेचणी सरत आली तशा सासू-सुना काही दिवस घरी राहायला लागल्या. एका सकाळी सत्यभामाबाई पदर खोचून परसात आली आणि वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. तिनं एका मुळ्याच्या खांद्यावर अंगठा दाबून बघितला, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. मुळे पांढरेशुभ्र होते, मनगटाला आले होते.

"आज काढाले पाह्यजे," ती म्हणाली.

"नाई." इंद्रभान आडाच्या कट्ट्यावर बसला होता. "अजून जाड होऊ दे. बाजाराच्या दिवशी सारे गावात असतात, तवा काढू. शालिग्रामले दाखवाचे हायेत. पारावर नेतो चार."

"तवर्‍हीक भेंडाळतीन."

"तुले काय समजते?"

ते तोंडातून निघालं आणि दोघांच्या मध्ये पडून राहिलं. सत्यभामाबाईनं वर बघितलं. रागानं नव्हे, माणूस ओळखू येत नाही तेव्हा बघतात तसं. मग हातावरची माती झटकून ती उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी इंद्रभान दाढी करून घ्यायला पाराकडं गेला. न्हाव्याकडं शालिग्राम आणि आणखी एक जण आधी बसले होते, गोष्टी निघाल्या, त्यात त्यानं मुळ्यांचाही विषय काढला. "या एकदा घराकडं, दाखवतो," म्हणाला. घरी आला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. परसात पाय टाकला आणि तो थांबला.

वाफा उपटलेला होता. एका टोकाला पाच-सहा तेवढे राहिले होते, बाकी वरंब्यावर नुसते खळगे. कोपऱ्यातल्या बोरीच्या काट्या ओढून बाजूला फेकलेल्या होत्या आणि फटीतून कोणाच्या तरी लुगड्याचा काठ नुकताच पलीकडं जात होता. आडाजवळ सत्यभामाबाई हात धूत होती. तिच्या बाजूला पाल्यासकट धुतलेली एक जुडी ठेवलेली होती.

"कोनाले विचारून उपटले?"

"तीस वर्सं उपटून राह्यली," सत्यभामाबाई म्हणाली. "कोनालेच विचारलं नाई."

इंद्रभानच्या डोळ्यांपुढं लाल झालं. सब्बलीनं फुटलेले हात, दोरानं ओढलेली टोपली, पहाटेची राख, सगळं एकदम आठवलं. त्यानं काठी उचलली. आजवर त्यानं बायकोवर हात टाकला नव्हता असं नाही, आणि त्या गावात त्याचं कोणाला नवल वाटलं नसतं. पण काठी वर गेली तसा खालचा आधार गेला. आखूड पाय जमिनीला पुरेना. तो उजवीकडं झुकला, झोकांडला, आणि त्यानं रहाटाचा खांब धरला. काठी वर, दुसरा हात खांबाला, असा तो उभा राहिला.

सत्यभामाबाई जागची हलली नव्हती. ती पुढं आली, त्याच्या कोपराला तिनं ओला हात लावला.

"खाली बसा आधी," ती म्हणाली. "मंग मारा."

तो बसला. कट्ट्यावर बसवून तिनं हात काढून घेतला. काठी त्याच्या मांडीवर आडवी पडली.

"शेत तुमचं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बैल तुमचे, घर तुमचं. पोराचं लगन तुमच्या मनचं. मी कधी बोलली? हे एवढं वीतभर होतं, इथं मले कोनी पुसत नव्हतं. कोनाले मूठभर दिलं, कोनाले नाई दिलं, मायी मी होती. तुमी पावसाळाभर पडून होते तवा जनकाबाईच्या घरून दूध येत होतं, कायच्या भरवशावर? आपली तर गाय आटली होती. लेपाले अंडे कोन देत होतं? तुमाले मालूम नाई. तुमी पिऊन घेतलं."

 दुधाचं इंद्रभानला खरंच माहीत नव्हतं. वाटी समोर येई, तो पिई.

"पाय मोडला म्हनून मी काही बोलली नाई," सत्यभामाबाई म्हणाली. "मनलं, जीव रमते तर रमू द्या. पन तुमी तर मले इथूनही काढलं."

तिनं जुडी उचलली आणि आत गेली.

दुपारी ताटात मुळा होता. उभा चिरलेला, वर मीठ. इंद्रभाननं फोड तोंडात घातली. कचकन तुटली. पाणीदार, आधी गोड, शेवटी थोडी तिखट. एवढा चांगला मुळा त्या घरात फार दिवसांनी झाला होता. ते त्याला कळत होतं, वाढणारीलाही कळत होतं.  रुख्मिणीनं सासूकडं बघितलं, सासऱ्याकडं बघितलं आणि ताकाचं भांडं पुढं सरकवून बाजूला झाली.

पुढचे काही दिवस दोघं कामापुरतं बोलत. "पानी तापलं." "हं." "माणिक येऊन राह्यला." "हं." ती परसात जाई, चार मिरच्या तोडी, परत येई. तो ओट्यावर बसे. बाजाराचा दिवस आला. इंद्रभाननं टोकाला राहिलेल्यांतला सगळ्यात जाड मुळा उपटला आणि पारावर न्यायच्या आधी कोयत्यानं मधोमध चिरून बघितला. आत कापसासारखी पांढरी जाळी पडली होती. दुसरा चिरला. तोही तसाच. त्यानं दोन्ही मुळे नेऊन बैलापुढं टाकले. बैलानं हुंगले आणि खाल्ले. पारावर तो त्या दिवशी गेला नाही.

दुपारी तो आडाजवळ बसला असताना फटीत काहीतरी हललं. जनकाबाई वाकून अर्धी आत आली होती, हातात हरभऱ्याच्या भाजीची जुडी. त्याला बघताच तिनं पदर ओढला आणि तशीच मागं सरकायला लागली.

"ये," इंद्रभान दुसरीकडं बघत म्हणाला. "आत हाये ते."

ती गेली. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत राहिलं. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या म्हशीला काय झालं. सत्यभामाबाई हसली. कितीतरी दिवसांत त्यानं तिचं हसू ऐकलं नव्हतं. किंवा असेल ऐकलं, लक्ष नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं गुडघा टेकून रिकामा वाफा पुन्हा खोदायला घेतला. या वेळी माती मऊ होती, सब्बल आपल्या वजनानं उतरत होती. खत ओढून आणलं, राख मिसळली, ढेकळं फोडली. वरंबे मात्र ओढले नाहीत. सगळं सारखं करून तो काठी टेकून उभा राहिला. सत्यभामाबाई पाण्याला आली तेव्हा तो तिथंच उभा होता.

"खोदून ठेवलं," तो म्हणाला.

तिनं बादली आडात सोडली. रहाट फिरला, बादली वर आली, तिनं ती घागरीत ओतली.

"काय टाकतं?" इंद्रभाननं विचारलं.

सत्यभामाबाईनं पुन्हा बादली सोडली. ती दुसऱ्यांदा वर आली, घागर भरली.

"मेथी."

त्याच्या मनात मुळे होते. तो ओठ हलवून थांबला. "हाव," म्हणाला.

घागर कमरेवर घेऊन ती निघाली, दाराशी वळली. "अर्ध्यात मेथी. अर्ध्यात मुळे टाकू. थंडी हाये अजून. तुमचे वरंबे सरळ येतात, ते ओढून द्या. बी मी टाकीन."

त्यानं वरंबे ओढले. तिनं पाठीमागून येत बी टाकलं. तो पोत्यावर बसून सरकत पुढं, ती उकिडवी त्याच्या मागं. मध्येच ती म्हणे, "इथं उंच झालं," आणि तो हातानं माती खाली ओढी. विरळणी तिनं केली, पाणी त्यानं ओढलं. काही दिवशी ती शेतात जाई, तेव्हा जाताना सांगून जाई, आज पाणी द्या किंवा देऊ नका. तो तसं करी. एकदोनदा त्याला वाटलं, आज द्यायला हवं होतं. नाही दिलं. बिघडलं काही नाही.

ऊन तापायला लागायच्या आत मुळे तयार होत आले. शालिग्राम वाटेनं चालला होता. कुंपणावरून मान काढून उभा राहिला. काठी बाजूला ठेवून पोत्यावर बसलेला इंद्रभान मेथीतलं तण काढत होता.

"अरे वा बे," शालिग्राम म्हणाला. "हे म्हनत होता का तू न्हाव्याकडं? चांगले पडले ना. दे दोन. भाकरीसंगं खातो."

इंद्रभानचा हात सवयीनं मुळ्याच्या पानांकडं गेला. पानांवर हात ठेवून तो थांबला.

"थांब," म्हणाला. मग घराकडं मान वळवून त्यानं आवाज दिला, "अवं! शालिग्रामले दोन मुळे देऊ का?"

आत भाकर थापण्याचा आवाज चालला होता. तो थांबला. शालिग्रामनं एकदा घराकडं बघितलं, एकदा इंद्रभानकडं, आणि तो मोठ्यांदा हसला. इंद्रभाननं त्याला हसू दिलं. हात तसाच पानांवर होता.

"कडेचे द्या," आतून आवाज आला. "मधले नका उपटू. अजून भरले नाई."

भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. इंद्रभान पोत्यासकट सरकत वाफ्याच्या कडेला गेला.